अकरा गावांचा रंग

दोन रंगांच्या मधले रंग हिशेबानं काढता येतात, हे मला समता कॉलनीत नोकरीला लागल्यावर कळलं. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चार कम्प्युटर, एक कूलर, आणि दाराजवळच्या टेबलाशी बसणारे मालक, ज्यांना सगळे भैया म्हणत. काम वेबसाइट तयार करून देण्याचं. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं होतं, पण शहराच्या अजून ते अंगवळणी पडलं नव्हतं. शंकर नगरातल्या राहत्या बंगल्यांची कार्यालयं झाली होती. पुढच्या फाटकावर नवी पाटी असायची आणि मागच्या दोरीवर घरमालकाचे कपडे वाळत असायचे. भोपाळहून खाती आली, त्यांच्यामागून ठेकेदार आले, संस्था आल्या, आणि ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. ती पाहणार कोण, हे कोणी विचारत नव्हतं.

एका गिऱ्हाइकाला पानाच्या वरच्या बाजूला केशरीपासून पांढऱ्यापर्यंत विरत जाणारी पट्टी हवी होती. मी अंदाजानं एकेक रंग निवडत बसले होते. पट्टीत मध्येच पायरी पडल्यासारखी दिसे. भैयांनी मागून पाहिलं आणि म्हणाले, "आँख से मत करो, हिसाब से करो." आणि कागदावर चार ओळींत रीत लिहून दिली.

आम्ही तेव्हा बूढापाऱ्यात भाड्यानं राहायचो. त्या संध्याकाळी मी बाबांना ती रीत समजावून सांगितली. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि आकड्यांची कुठलीही गोष्ट त्यांना आवडायची.

"कम्प्युटरवरचा प्रत्येक रंग तीन आकड्यांचा असतो," मी म्हणाले. "लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. पहिल्या रंगातला लाल घ्यायचा, शेवटच्या रंगातला लाल घ्यायचा, फरक काढायचा. अर्ध्यावरचा रंग हवा तर अर्धा फरक पुढं जायचं, पावावरचा हवा तर पाव. हिरव्याचं तसंच, निळ्याचं तसंच."

"म्हणजे दोन स्टेशनांच्या मधात गाडी कुठी आहे, ते काढाचं."

"हो, तसंच."

"मंग याले कम्प्युटर काहून लागते?" बाबा म्हणाले आणि भाताचं पातेलं उतरवायला उठले.

घरचा स्वयंपाक बाबाच करत, कारण आई आठवडाभर नसायची. ती सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं जायची आणि शनिवारी संध्याकाळी यायची. एक संस्था गरियाबंदच्या पुढं जंगलातल्या गावांमध्ये लहान मुलांसाठी बालवाड्या चालवायची. आई तिथं आधी शिक्षिका होती, नंतर देखरेखीला. अकरा गावं तिच्याकडे होती. मुलांना दुपारी खिचडी द्यायची आणि महिन्यातून एकदा त्यांचं वजन घ्यायचं, हे मुख्य काम. झाडाच्या फांदीला काटा अडकवायचा, त्याला कापडाची झोळी, झोळीत मूल. वजन रजिस्टरात लिहायचं आणि मुलाच्या तक्त्यावर टिंब द्यायचं. तक्त्यावर नुसत्या रेषा छापलेल्या असत. आई त्या रेषांमधले पट्टे रंगीत पेन्सिलींनी भरायची: वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली लाल. गावातल्या बायांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण रंग कळायचा. "मोर नोनी लाल म हे का, दीदी?" माझी पोर लाल पट्ट्यात आहे का, असं त्या विचारत. आई "हव" म्हणायची, आणि मग काय करायचं ते सांगायची. कोरे तक्ते ती रविवारी घरी आणायची. शाळेत असताना ते रंगवायला मी तिच्याजवळ बसायचे. लाल पट्टा सगळ्यांत रुंद असायचा.

ती आठवडाभर दुसऱ्यांच्या पोरांकडे असते, याचा मला तेव्हा राग यायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक असावं.

राजधानी झाल्यावर त्या संस्थेनंही आपलं मुख्य ऑफिस शंकर नगरात आणलं. नवे संचालक आले. त्यांचं म्हणणं, आपलं काम बाहेरच्या मदत करणाऱ्यांना घरबसल्या दिसलं पाहिजे, म्हणून वेबसाइट हवी. आईनं सभेत हात वर केला आणि सांगितलं की माझी मुलगी हेच काम करते. त्या शनिवारी घरी आल्यावर पाय धुता धुता ती म्हणाली, "तुह्या भैयाचा फोन नंबर दे बरं. आमच्या सरांनं मांगितला." तिनं ते अगदी सहज सांगितल्यासारखं केलं. पण बाबांनी मला नंतर सांगितलं, बसमधून उतरल्यापासून ती हसतच आली होती.

अशा रीतीनं ते काम माझ्याकडे आलं. संस्थेची नव्वदएक गावं होती. मी नकाशासारखी चौकोनांची एक जाळी केली, प्रत्येक गावाला एक चौकोन. दर सहा महिन्यांनी गावागावातून आकडा यायचा: शंभरातली किती मुलं वजनानं कमी. आकडा पाहून चौकोनाचा रंग प्रोग्रॅमनं स्वतः काढायचा. ज्या गावाचा आकडा सगळ्यांत चांगला त्याला फिकट पिवळा, सगळ्यांत वाईट त्याला गडद लाल. बाकीची गावं त्या दोघांच्या मध्ये, ज्याच्या त्याच्या अंतरावर. बरोबर अर्ध्यावरच्या गावाला विटेच्या भुकटीसारखा रंग यायचा. आकडे टाकून मी पहिल्यांदा पान उघडलं, तेव्हा सगळी जाळी एका क्षणात रंगली. खालच्या उजव्या कोपऱ्यातले अकरा चौकोन जवळजवळ काळपट लाल होते. ती आईची गावं. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्या गावांचं काही वाटलं नाही. रंग एकमेकांत किती अलगद मिसळतायत, एवढंच मी पाहत होते. मी ते पान छापून घरी नेलं. आईनं चष्मा लावून आपला कोपरा पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे. असंच आहे."

संचालकांना मात्र ते पसंत पडलं नाही.

"ये तो ऐसा लग रहा है जैसे आग लगी है," ते म्हणाले.

ते वाईट गृहस्थ नव्हते. गावात गेले की जमिनीवर बसून कार्यकर्त्यांबरोबर जेवत. त्यांची अडचण त्यांनी मला नीट समजावून सांगितली. इतकी वर्षं काम करून नकाशा असा दिसत असेल तर मदत करणारे विचारतील, मग तुम्ही केलं काय? मदत थांबली तर सगळीच गावं जातील. "झूठ मत लिखना," ते म्हणाले. "आँकड़े वही रहेंगे. बस रंग थोड़ा देख लो."

मी शेवटचा रंग गडद लालऐवजी नारिंगी केला. त्यांनी पाहिलं, मान हलवली, पण कोपरा अजून डोळ्यांत भरतो म्हणाले. तेव्हा मला एक युक्ती सुचली. ही युक्ती त्यांची नव्हती, माझी होती. मी म्हणाले, आता आपण सगळ्यांत चांगल्या गावापासून सगळ्यांत वाईट गावापर्यंत मोजतोय, म्हणून वाईट गाव थेट टोकाला जातं. त्याऐवजी शून्यापासून शंभरापर्यंत मोजू. पूर्ण नारिंगी फक्त त्या गावाला, जिथलं एकूण एक मूल कमी वजनाचं आहे. असं गाव आपल्या यादीत नाहीच. म्हणजे वाईट गावांचे चौकोन आपोआप फिकट बाजूला सरकतील. आणि हिशेब म्हणून यात चूक काहीच नाही, उलट हाच जास्त रीतसर.

त्यांनी मला दोनदा ते सांगायला लावलं. मग म्हणाले, "दीदी की बेटी होशियार है."

एका ओळीचा बदल होता. दहा मिनिटांत झाला. सगळी जाळी मलईपासून बदामीपर्यंतच्या रंगांत आली, शेजारच्या दोन गावांतला फरक बारकाईनं पाहिलं तरच कळायचा. भैया खूश झाले. मीही खूश होते.

संस्थेच्या सहामाही सभेत ते पान पडद्यावर दाखवलं गेलं. दिवसाउजेडी, उघड्या खिडक्यांच्या हॉलमध्ये. मी तिथं नव्हते, आई होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला.

"आपली गावं कुठी होती त्यात?"

"खाली, उजव्या कोपऱ्यात."

"तिथं तर साधाच रंग होता. वरच्यासारखाच. तू मले घरी दाखवलं, तवा लाल होता."

मी तिला शून्य आणि शंभरची गोष्ट सांगितली. ती मध्ये न बोलता ऐकत राहिली. गावातल्या बायांचं बोलणंही ती तसंच ऐकत असणार.

"म्हणजे गावातलं एकूण एक पोरगं खंगलं, तर रंग चढन?"

"हो."

"तितकी वाट पाहाची?"

मी म्हणाले, "आकडे तेच आहेत, आई. एकही बदललेला नाही. चौकोनावर बाण नेला की आकडा दिसतो."

"सभेत कोनी बाण नेला नाही." मग तिनं विचारलं, "हे तुले त्यायनं करायले सांगितलं?"

"रंग कमी करायला सांगितलं. ही रीत माझी."

बाबांनी तिच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेलं. ती तशीच बसून होती, हात वाळून गेले तरी.

त्या उन्हाळ्यात संस्थेची मदत कमी झाली आणि काही गावांतल्या बालवाड्या बंद करायचं ठरलं. कुठल्या, ते ठरवायला बैठक झाली. संचालकांनी भिंतीवर माझं पान छापून लावलं होतं. त्यात सगळीकडे सारखंच दिसत होतं, मग दुसरं काय पाहायचं? अंतर पाहिलं. सगळ्यांत लांबची गावं आईची. आई रजिस्टरं घेऊन उभी राहिली. म्हणाली, सर, हे उघडून पाहा. ते तिला म्हणाले, "दीदी, नक्शा तो आप ही की बेटी ने बनाया है. उसमें सब बराबर है."

हे मला आईनं सांगितलं नाही. तिनं बाबांना सांगितलं आणि बाबांनी मला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ती ओळ पूर्वीसारखी केली. कोणाला न विचारता. टोकाचा रंगही परत गडद लाल केला. दुपारपर्यंत शंकर नगरातून फोन आला. भैया माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "साइट उनकी है, अपनी नहीं." मी त्यांच्यादेखत ती ओळ पुन्हा बदलली. तिथून उठून निघून गेले असते तर, असं मी पुढं पुष्कळदा मनाशी म्हणाले आहे. पण मी गेले नाही. संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी आले आणि काय केलं ते सांगितलं नाही.

आईच्या अकराही गावांतल्या बालवाड्या बंद झाल्या. आईला शंकर नगरच्या ऑफिसात टेबल दिलं गेलं. गावांमधून येणारे आकडे कम्प्युटरवर भरायचं काम. आता ती रोज सहा वाजता घरी येऊ लागली. लहानपणी मला जे हवं होतं ते असं मिळालं. ती यायची, चहा घ्यायची, बाबांशी भाजीपाल्याचं बोलायची. माझ्याशीही बोलायची, पण कामाचं नाही. आधी शनिवारी आल्यावर ती गावातलं सगळं सांगत सुटायची. कोणाला मूल झालं, कोणाचं वजन पावशेरानं वाढलं, कोण बाई हसून काय म्हणाली. ते थांबलं. मला त्या बायांची नावं पाठ होती. आता त्यांचं काय चाललंय हे कळायला काही मार्ग नव्हता, आईलाही नाही.

पुढच्या सहामाहीचे आकडे आले. मी ते प्रोग्रॅममध्ये टाकले आणि पान उघडलं. खालचा उजवा कोपरा चमकत होता. ते अकरा चौकोन साऱ्या जाळीत सगळ्यांत फिकट, सगळ्यांत चांगले दिसत होते.

मला क्षणभर खरंच वाटलं की तिथं काही बरं झालं असेल. मग मी मूळची यादी उघडली. त्या अकरा गावांपुढची जागा कोरी होती. बालवाडी नाही म्हणून वजन नाही, वजन नाही म्हणून आकडा नाही. यादी भरताना आईनं त्या ओळी पुसल्या नव्हत्या. गावांची नावं तशीच ठेवली होती आणि पुढची जागा रिकामी सोडली होती. माझा प्रोग्रॅम रिकाम्या जागेला शून्य समजला. शून्य म्हणजे एकही मूल कमी वजनाचं नाही.

मी लगेच त्यात भर घातली. आकडा नसेल तर रंग काढायचाच नाही, चौकोन करडा ठेवायचा. ते पान घेऊन मी स्वतः शंकर नगरला गेले. आईचं टेबल आतल्या खोलीत होतं. मी तिला न भेटता सरळ संचालकांकडे गेले.

"ये राख जैसा क्या है?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जिथली माहिती नाही ती गावं.

"तो हटा दो. जहाँ हमारा काम ही नहीं, वो नक्शे में क्यों रहे?"

"सर, वहाँ बच्चे तो हैं," मी म्हणाले.

"हैं," ते म्हणाले. "पर अब हमारे नहीं हैं."

मी ऑफिसात परत आले आणि ते अकरा चौकोन काढले. जाळीचा तो कोपरा कापल्यासारखा दिसायला लागला, म्हणून वरचे काही चौकोन खाली सरकवून मी तो भरून काढला. या वेळी मात्र घरी गेल्यावर आईला सांगितलं. सगळं सांगितलं: फिकट कसे दिसले, करडे केले, मग काढले, जागा कशी भरली. ती भेंडी चिरत होती. चिरून झाल्यावर विळी मिटवली आणि म्हणाली, "बरं केलं सांगितलं."

महिनाभरानं एका शनिवारी ती सकाळीच तयार झाली. संस्थेनं मोडीत काढलेला एक काटा तिनं मागून घेतला होता, तो पिशवीत घातला. बाबांनी विचारलं, "कुठी?" ती म्हणाली, "गरियाबंदले. उद्या येतो." तिला तिथं कोणी पाठवलं नव्हतं. खिचडी द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. ती नुसतं वजन घ्यायची, आयांना सांगायची, आणि एखादं मूल फारच खालावलेलं असलं तर त्याला आणि त्याच्या आईला सोबत घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत जायची. अकरा गावं एका खेपेत होत नसत. तीन-चार व्हायची. महिन्यातून एकदा, असं तिनं सहा-सात वर्षं केलं. बाबा होते तोवर ते तिला बसस्टँडपर्यंत सोडायला जात. मी दोनदा म्हणाले, मी येते तुझ्यासोबत. पहिल्यांदा ती म्हणाली, तुले सुट्टी नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "तू येऊन का करशील?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच सुचत नव्हतं, मी तिथं काय करू शकेन ते.

मी नंतर नोकरी बदलली. संस्थेनं रायपूरचं ऑफिस बंद केलं आणि कोणी लक्ष न दिल्यामुळे ती वेबसाइटही एक दिवस उघडेनाशी झाली. आईचे गुडघे गेले, मग तिचं जाणं थांबलं. शेवटची वर्षं ती माझ्याकडेच होती. एकदा तिच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, "त्या नकाशावरून तू माझ्यावर रागावली होतीस ना?"

"रागावून का करू?" ती म्हणाली. "तुहा हिशेब तर बरोबरच होता."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या पायाले लाव."

याहून जास्त आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मला वाटायचं, बोलायला वेळ आहे.

ती गेल्यावर महिन्याभरानं मी गरियाबंदच्या पुढं गेले, तिच्या गावांमध्ये सांगायला. रस्ता आता डांबरी होता. पहिल्या गावात ओळखीचं कोणी निघालं नाही. दुसऱ्या गावात एक म्हातारी होत चाललेली बाई भेटली. आईचं वर्णन केल्यावर तिला लगेच कळलं. दीदी किती वर्षांत आली नाही, तेव्हाच आम्हाला वाटलं होतं, असं ती म्हणाली. ओट्यावर बसली, मलाही बसवलं, लोटाभर पाणी आणून दिलं. तिच्या अंगणात दोन लहान मुलं खेळत होती. त्यातल्या धाकटीचे हात मनगटाशी फारच बारीक होते.

बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अब कोन आही?"

आता कोण येणार, एवढंच तिला विचारायचं होतं. मी पाणी प्यायले, लोटा तिच्या हातात दिला. परतीची बस चारला होती.